भिवामामांचा झटका

लॅबमध्ये रुजू झाले त्या पहिल्याच सकाळी माझ्या पाठीमागे कुणीतरी लोखंडी पत्रा धाडकन फरशीवर टाकला. मी "आई गं!" म्हणून किंचाळले आणि हातातल्या फाइलीतले कागद शेडभर उडाले. वळून पाहिलं तर पन्नाशीचा एक माणूस शांतपणे पत्रा उचलून भिंतीला टेकवत होता. खाकी पँट, पांढरा सदरा, खिशाला ग्रीसचा जुना डाग आणि मिशीखाली दाबून धरलेलं हसू. माफी वगैरे मागायच्या भानगडीत तो पडला नाही. काचेच्या केबिनकडे तोंड करून त्याने आवाज दिला.

"सर, ताई खऱ्या हायती. ठिवा कामावर."

नेमणुकीचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं, तरी त्या क्षणी मला वाटलं की माझी नेमणूक आत्ता झाली. मी चिडून विचारलं की हा काय प्रकार आहे, तेव्हा खुलासा मिळाला.

"रागावू नका ताई. दमानं इचारलं तर समदी माणसं गुणाचीच आसत्यात. झटका बसला म्हंजी आतलं भायेर येतं. तुमी आईला हाक मारली. मागच्या सायबानं विंग्रजीत शिवी दिल्ती. त्येच्या आधीचा कायच बोलला न्हाई, नुसता हसला. त्यो चार म्हैनं बी टिकला न्हाई."

हे भिवामामा. पूर्ण नाव भिवा कोळपे. इनामगावच्या अलीकडे घोड नदीच्या काठाला त्यांची वस्ती. आजोबा मेंढ्या घेऊन हिंडायचे, वडील घोंगड्या विणायचे, आणि मामांनी वीस वर्षं नदीवरची पाण्याची इंजिनं दुरुस्त केली होती. दौंडच्या वेशीवर, रेल्वेलाइनपासून शंभर पावलांवर आमच्या लॅबची शेड होती. सबनीस सरांनी निवृत्तीनंतर ती उभी केली होती, आणि तिचा कॉम्प्रेसर एकदा बंद पडला म्हणून मामांना बोलावलं होतं. कॉम्प्रेसर तासाभरात सुरू झाला. मामा मात्र परत गेलेच नाहीत.

आमचं काम थोडं विचित्र होतं. धातूची ताकद मोजायची साधी पद्धत म्हणजे तो सावकाश ओढायचा किंवा दाबायचा. पण गाडी झाडावर आदळते तेव्हा पत्र्याला सावकाशपणे मोडायची सवड मिळत नाही. म्हणून आम्ही धातूला झटका देऊन बघायचो. दोन लांब पोलादी दांडे एका ओळीत ठेवायचे, त्यांच्यामध्ये शर्टाच्या बटणाएवढा मिश्रधातूचा नमुना धरायचा आणि हवेच्या बंदुकीतून हातभर लांबीचा तिसरा दांडा सोडून पहिल्याच्या तोंडावर आदळवायचा. पापणी लवायच्या आत सगळं उरकायचं. दांड्यांवर चिकटवलेल्या बारीक तारा त्या धक्क्याची खबर स्कोप नावाच्या यंत्राच्या पडद्यावर पोचवायच्या आणि तिथे एक आलेख उमटायचा. त्या आलेखावर आमची रोजीरोटी होती.

हे मी आता चार ओळींत सांगितलं. सर पाहुण्यांना चाळीस मिनिटं सांगायचे. पाहुणे माना डोलवायचे आणि निघताना हळूच मामांना विचारायचे, "म्हणजे नेमकं काय करता हो?"

"चिक्कीचा गूळ खाल्लाय न्हवं?" मामा विचारायचे. "त्यो दमानं वढा, लांबतो. त्येच्यावर वरवंटा हाना, टिकऱ्या उडत्यात. गूळ त्योच. आमी वरवंटा हानतो आन् सर लिवून घेत्यात."

मामांचा वरवंटा धातूपुरता नव्हता. पोस्टमन, टेम्पोवाला, कॉम्प्रेसरचं तेल विकायला येणारा एजंट, कुणीही आत आला की कधीतरी त्याच्या मागे तो पत्रा पडायचा. पत्रा नसेल तर प्रश्न पडायचा. एजंट तेलाचं कौतुक सांगण्यात रंगलेला असताना मामा मध्येच विचारायचे, "तुमच्या गाडीत कंचं घालता?" आणि तो बिचारा दुसऱ्याच कंपनीचं नाव सांगून बसायचा.

रेल्वेचा आम्हाला मोठा जाच होता. मालगाडी गेली की जमीन हादरायची, तारा तो हादरा पकडायच्या आणि स्कोपला वाटायचं झटका बसला. कुणी काही न करता पडद्यावर वेडीवाकडी रेघ उमटायची. मामांनी त्यावर तोडगा काढला होता. त्यांच्या स्टुलावरून खिडकीतून सिग्नल दिसायचा. सिग्नल पडला की ते बोट वर करायचे आणि आम्ही थांबायचो.

पुण्याच्या एका कॉलेजातले तीन प्राध्यापक एकदा लॅब बघायला आले होते. मामांनी खिडकीतून नजर टाकली आणि एकदम गंभीर झाले.

"सर, आधी येंत्राला नमस्कार करावा लागतो. न्हाईतर चालत न्हाई."

प्राध्यापक हसले. मामांनी डोळे मिटले, हात जोडले, ओठांत काहीतरी पुटपुटले आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून आरोळी ठोकली. पडद्यावरची रेघ ताडकन उडाली. बंदुकीला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. दोन सेकंदांनी मालगाडीचा आवाज आला, पण तोपर्यंत पाहुण्यांचं लक्ष पडद्यावर खिळलं होतं. सर केबिनमध्ये तोंडावर रुमाल धरून खोकत बसले. निघताना तिघांतल्या भौतिकशास्त्रवाल्यांनी यंत्राला हळूच हात जोडले, हे मी स्वतः पाहिलं आहे.

सर मामांना इतकं सहन का करायचे, याचं कारण तो आलेख होता. आमच्याकडे आलेख दोन प्रकारचे यायचे. एक करवतीसारखा दातेरी. त्यातून धातूचं खरं वागणं शोधायचं म्हणजे खड्यांतून तांदूळ निवडायचे. दुसरा स्वच्छ, गुळगुळीत, पुस्तकात छापावा असा. मामा बंदुकीपाशी असले की गुळगुळीत यायचा. मामा रजेवर गेले की दातेरी. आम्ही दांडे पुन्हा जुळवले, तारा बदलल्या, हवेचा दाब कमीजास्त केला. काही उपयोग झाला नाही. मामा यायचे, वडिलांच्या घोंगडीच्या मागावरचा असावा तसा एक लोकरी धागा दांड्यांवरून ताणायचे, एक डोळा मिटून बघायचे, बंदुकीच्या तोंडाशी वाकून काहीतरी पुसायचे, आणि आलेख गुळगुळीत.

"हा हात आहे," सर कौतुकाने म्हणायचे. "तीन पिढ्या धागे जुळवणारा हात. हे शिकवून येत नाही."

मामा तेव्हा जमिनीकडे बघायचे. मला वाटायचं, लाजतात.

बंदुकीच्या तोंडाशी मात्र ते कुणाला फिरकू देत नसत. त्यामागेही एक जुनं प्रकरण होतं. मी येण्याच्या आधी मामांनी बंदुकीतला दांडा पहिल्या दांड्यावर जिथे आदळतो तिथे रबराचा तुकडा लावला होता. इंजिनवाल्याची सवय. लोखंडाला लोखंड उघडं भिडवायचं नाही, मध्ये वायसर पाहिजे. त्या रबराने धक्काच गिळून टाकला आणि आठ दिवसांची मेहनत वाया गेली. शांत स्वभावाचे सबनीस सर त्या दिवशी शेडचे पत्रे हादरतील असे ओरडले होते, "मध्ये काही म्हणजे काही येता कामा नये!" मामा ही गोष्ट सरांची हुबेहूब नक्कल करून सांगायचे.

एका हिवाळ्यात सरांना इनामगावची तीन हजार वर्षांपूर्वीची वसाहत बघायची हुक्की आली. मामा वाटाडे. जिथे उत्खनन झालं होतं तिथे आता बघण्यासारखं फारसं काही नाही, पण मामांनी त्या मोकळ्या जमिनीवर आम्हाला अख्खं गाव उभं करून दाखवलं. "ही चूल. हितं आमच्या पणज्याच्या पणज्याचा पणजा बसायचा. सासऱ्याशी भांडान झालं म्हनून ह्यो कोपरा येगळा क्येला." सरांनी विचारलं, ती माणसं अवजारं कशाची वापरायची. खरं तर ते सरांनाच ठाऊक होतं.

"तांब्याची," मामा म्हणाले आणि माझ्याकडे बघून त्यांनी मिशीला पीळ दिला. "आमी आजून वापरतो."

मग मामींच्या हातची बाजरीची भाकरी आणि पिठलं खायला वस्तीवर गेलो. अंगणात सात-आठ शेळ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात दोरीला एक-एक तांबूस चकती. चपटी, कडेला फाकलेली, मध्ये मिटत आलेलं भोक. "दागिने कुठून आणले?" मी विचारलं. "सोनाराकडनं," मामा म्हणाले आणि लगेच पिठल्याचा विषय काढला. माझ्या मागे कुणी पत्रा टाकला नाही, म्हणून मलाही तेव्हा काही सुचलं नाही.

त्यानंतर शिरूरकडच्या एमआयडीसीतून मोठं काम चालून आलं. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीला दरवाजातल्या आधारपट्टीसाठी चार मिश्रधातूंमधून एक निवडायचा होता. काम मिळालं तर लॅब उभी राहणार, नाही मिळालं तर शेडला कुलूप. सर हे आडूनआडून बोलायचे, पण आम्हाला दोघांनाही ते स्वच्छ कळत होतं. आमचे नमुन्याचे आलेख कंपनीला पसंत पडले आणि तपासणीला खन्ना नावाचे साहेब आले. उंच, कमी बोलणारे. मामांनी त्यांच्यामागे पत्रा टाकला. खन्नासाहेबांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"ह्यो अवघड हाय," मामा माझ्या कानाशी म्हणाले.

खन्नासाहेबांनी सकाळभर मामांचं काम बघितलं. तीन झटके, तीन गुळगुळीत आलेख. सरांचा चेहरा खुलला होता. मग साहेबांनी वही मिटली आणि म्हणाले, "बहुत बढ़िया. अब यही टेस्ट मैडम करेंगी. और मामाजी बाहर बैठेंगे."

मामांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. ते एकदा सरांकडे, एकदा बंदुकीकडे बघून बाहेर गेले.

मी सगळं जसंच्या तसं केलं. मामांचाच धागा ताणला, एक डोळासुद्धा मिटला. आलेख दातेरी. दुसऱ्यांदा दातेरी. तिसऱ्यांदाही पडद्यावर करवतच.

"सबनीस साहब," खन्ना थंडपणे म्हणाले, "यहाँ मशीन चलती है या आदमी चलता है?"

सर चष्मा काढून पुसत राहिले. ते म्हातारे आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. "आपण जेवून घेऊ," एवढं ते कसेबसे म्हणाले.

मी दाराकडे निघाले. बाहेर लिंबाखाली मामा आपल्या एम-एटी गाडीला टेकून, आमच्याकडे पाठ करून उभे होते. का कोण जाणे, मला त्या शेळ्या आठवल्या. मिटत आलेलं भोक आठवलं. 'आमी आजून वापरतो' आठवलं. भिंतीला टेकवलेला तो पत्रा मी उचलला, पाऊल न वाजवता मामांच्या मागे गेले आणि दगडावर दाणकन आपटला.

"बिरोबा!" मामा हातभर उडाले.

"मध्ये काय ठेवता?"

"भोकाचा पैसा!"

बोलून गेल्यावर त्यांनी तोंडावर हात धरला.  मला हसूही येत होतं आणि रडूही.

मग ते हळूहळू सांगू लागले. इंग्रजांच्या काळातला तो भोकाचा पैसा नदीवरचे इंजिनवाले वायसर म्हणून वापरायचे. मामांच्या पेटीत डबाभर पैसे होते. रबरावरून बोलणी खाल्ल्यावर त्यांनी काही दिवस मध्ये काही घातलं नाही, पण उघड्या लोखंडावर लोखंड आदळताना त्यांना बघवेना. दांड्याचं तोंड खराब होईल म्हणून ते दर झटक्याला बंदुकीच्या तोंडाशी ग्रीसने एक पैसा चिकटवायचे. झटक्यानंतर चपटा झालेला पैसा खिशात, खिशातून शेळीच्या गळ्यात.

"आवो, आलेख बिलेख मला काय ठावं? दांडं वाचवाय ठिवत व्हतो. मग सर म्हनाया लागले, हात हाय, हात हाय. तवाच सांगायचं व्हतं. पर ताई, माज्याकडं हाताबिगर हाय काय? ना डिग्री, ना डिप्लोमा. समदं पैसाच करतो म्हनल्याव मला कोन ठिवल हितं?"

 आत सर चष्मा पुसत बसले होते. मामांनी उघड्या दारातून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमी सांगताय का मी सांगू?"

"तुम्हीच ठरवा, मामा."

त्यांनी एम-एटीच्या सीटवर साचलेली धूळ पुसली, विनाकारण. मग आत जाऊन सरांच्या टेबलावर एक पैसा ठेवला.

"सर, हात माजा न्हाई. ह्यो हाय."

समजायला सरांना थोडा वेळ लागला. मग ते लाल झाले. "मी सांगितलं होतं, मध्ये काही म्हणजे काही—"

"व्हय. सांगितलं व्हतं. आन् दांड्याचं तोंड बघा सर. एक वरखडा दावा."

सर खरोखर उठले, बंदुकीपाशी गेले, वाकून दांड्याच्या तोंडावरून बोट फिरवलं. परत येताना त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो एकटा नव्हता. खन्नासाहेबांना त्यांनी समजावून सांगितलं की मऊ धातूचा तुकडा आधी स्वतः चेपतो, त्यामुळे धक्का एकदम न शिरता चढत चढत जातो आणि आलेख स्वच्छ येतो. परदेशात हे मुद्दाम करतात, त्यांनी वाचलंही होतं. "इथे आम्ही ते नकळत करत होतो, आणि कुठे लिहिलेलं नाही. म्हणून आजवरच्या सगळ्या चाचण्या पुन्हा करायला हव्यात. त्या आम्ही करू, आणि ज्यांना ज्यांना आलेख दिलेत त्यांना तसं कळवू."

एवढं सांगितल्यावर काम जाणार अशी माझी खात्री झाली होती. खन्नासाहेबांनी पैसा उचलून भोकातून खिडकीकडे पाहिलं.

"मैडम, एक बार इसके साथ."

मामांनी मला ग्रीस किती लावायचं ते दाखवलं. तांदळाच्या दाण्याएवढं. मी बंदूक झाडली. पडद्यावर रेघ चढली, सपाट चालली आणि उतरली. एकही दात नाही. मामांच्या खिशात आणखी दोन पैसे होते, त्यांचंही तसंच झालं. खन्नासाहेब हसल्याचं मी तेव्हाच पाहिलं. त्यांनी चपटा झालेला एक पैसा मागून घेतला आणि म्हणाले, "इसे प्रोसीजर में लिखिए." आमच्या कार्यपद्धतीच्या कागदावर मग बरीच वर्षं एक ओळ होती: एक पैसा, भोकाचा, ग्रीससह. आणि खाली सही खन्नांची.

काम मिळालं. लॅब टिकली. शब्द दिल्याप्रमाणे जुन्या चाचण्या पुन्हा करून सर्वांना पत्रं गेली. डिप्लोमा झालेली दोन मुलं आली, तांब्याच्या सळईतून एकसारख्या चकत्या कापून येऊ लागल्या, आणि झटका कुणीही दिला तरी आलेख गुळगुळीत यायला लागला. नवा स्कोप मालगाडीला फसत नव्हता. मामांच्या बोटाकडे बघायचं कारण उरलं नाही. सरांनी त्यांना काढलं नाही, तसा विचारही त्यांच्या मनात आला नाही. मामा रोज घोडकाठाहून एम-एटीवर यायचे, दांडे सुती फडक्याने पुसायचे, स्टुलावर बसून सिग्नल पडला की सवयीने बोट वर करायचे. नवी मुलं ते बघून न बघितल्यासारखं करायची. मला ते बोट बघवायचं नाही.

असं दोनएक वर्षं चाललं. मग एका महिन्याच्या शेवटी मामा सरांना म्हणाले, "बास आता. शेरडं वाट बघत्यात." सरांनी खूप आग्रह केला, पण मामा हसत राहिले.

निरोपाच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला. मला बोलायला सांगितलं. मी बोलले, अगदी मनापासून, की मामांशिवाय ही लॅब चालणं कठीण आहे. टाळ्या वाजल्या. बाहेर आल्यावर मामा एम-एटीला शाल बांधत होते तेव्हाही मी तेच म्हणाले. "खरंच मामा, तुमच्याशिवाय—"

माझ्या पाठीमागे पत्रा पडला. दोरी कुठे बांधली होती आणि कधी ओढली, मला आजवर कळलेलं नाही.

"चालंल का?" मामांनी विचारलं.

"चालेल!"

माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना. मामा मात्र खदाखदा हसले. एवढ्या वर्षांत मिशीखाली दाबलेलं ते हसू मी पहिल्यांदाच मोकळं सुटलेलं पाहिलं.

"खऱ्या हायती," ते म्हणाले. माझ्या मुठीत त्यांनी एक भोकाचा पैसा ठेवला, न चेपलेला. मग सिग्नलकडे एक नजर टाकली, किक मारली आणि रेल्वेचं फाटक पडायच्या आत पलीकडे निघून गेले.

फाटकापर्यंत मी धावत गेले. माझं वाक्य पुरं झालं नव्हतं.

"पण करमणार नाही, मामा," मी म्हणाले. तोवर मध्ये मालगाडी आली होती.